सहा नंबरच्या मागावरची साक्ष

बाराव्या भागात ते दोघं पुन्हा येतात,
परलोकाच्या वेशीवरचे पहारेकरी.
त्याच्या हातात वही, तिच्या हातात कंदील.
बोलतात जपानी, खाली इंग्रजी अक्षरं पळतात.
मुरलीला ती गाठता येत नाहीत,
म्हणून मी वाचते मोठ्यानं, आमच्या सोलापुरीत:
"कुठं जालास रे आत्म्या? थांब की जरा.
नाव सांग. शेवटी काय करालतास, ते सांग."
मुरली पोट धरून हसतो.
आई तेंदूपान कातरता कातरता विचारते,
भुतांची पण चौकशी असती व्हय?

असते. पोलिसांपेक्षा बरी असते.
माणूस मेला म्हणून प्रकरण मिटत नाही तिथं.
शेवटचा प्रश्न सुटेपर्यंत फाटक बंद.
आणि खोटं बोलायची खोड जिवंतांनाच,
म्हणून ते आधी वस्तूंची साक्ष घेतात:
छत्री, फुटकी कपबशी,
रेल्वेचं अर्धं फाडलेलं तिकीट.

इकडे आले असते तर?
अक्कलकोट रोडला, एमआयडीसीत, मे महिन्यात,
त्रेचाळीस डिग्रीत, त्या काळ्या कोटांत?
कुणीतरी आधी ताक दिलं असतं त्यांना.
पाणी नाही. पाण्याचा दिवस परवा.

नायना गेले त्याचा कागद आहे आमच्याकडे:
सकाळी सहा वाजता, राहत्या घरी, झोपेत.
झोपेत.
त्या रात्री घरी आम्ही तिघं होतो
आणि त्यांचं अंथरूण गुंडाळलेलं, कोपऱ्यात उभं.
मुकादम रिक्षातून घेऊन आला त्यांना,
दोन माणसांच्या मधे बसवून,
बनियनवर सुताची पांढरी लव.
वीस हजार आईच्या पदरात ठेवून म्हणाला,
शेट म्हणाले, आपलीच माणसं.

मी त्याच कारखान्यात चेकिंगला.
चादर उजेडावर धरायची,
दोष दिसला की खडूनं खूण
आणि सेकंडच्या ढिगात.
तेराव्यानंतर गेले, तर ढिगात
सहा नंबरच्या मागाची चादर, कुणी न बघितलेली:
मरून जमीन, पिवळा मोर,
मानेपर्यंत बिनचूक.
मग वीण जराशी सैल.
मग सहा इंच बाणा नाहीच, नुसता ताणा उघडा,
रिकामा धोटा इकडून तिकडे धावत राहिलेला.
मग गाठ. उजव्या हाताची.
नायना डावखुरे होते.

मी हिशेब मांडला, वहीवाल्यासारखा.
बाराच्या चहानंतरची चौथी चादर,
कडेपासून पंचावन्न इंच,
मिनिटाला अडीच इंच विणतो आमचा माग.
म्हणजे दोन वाजून दहा मिनिटं.
म्हणजे अडीच मिनिटं माग एकटाच चालत होता
आणि कुणाला कळलं नाही.
नंतर कळलं.
कळल्यावर कुणीतरी धागा जोडला
आणि मोर पुरा केला.
मोर पुरा आहे, हेच मला सहन होत नाही.

कंदीलवाली विचारेल, अंगठा कुणाचा आहे या कागदावर?
आईचा.
आणि शेजारची सही?
माझी. शाळेतली, वळणदार.
त्यावर ती काहीच बोलत नाही. त्या भागातही नव्हती बोलली,
फक्त कंदील जरासा खाली केला होता.

चादर मी सेकंडच्या भावात घेतली,
पगारातून एकशे ऐंशी कापले.
विचारलं कुणी तर, भावासाठी.
खोटं नाही. मुरलीच पांघरतो ती.
झोपेत त्याचा अंगठा त्या उघड्या ताण्यातून बाहेर येतो
आणि मला दर रात्री सोडवावा लागतो, एकेक धागा,
तो जागा होऊ नये अशा बेतानं.

तेराव्या भागात फाटक उघडतं म्हणे.
मुरली रोज विचारतो, लावू का, लावू का.
मी म्हणते, नेट संपलंय.